पिक्सीजेएसमधे कंटेनरच्या आत कंटेनर कसे सांभाळायचे

पिक्सीजेएस म्हणजे ब्राउझरमधे चित्रं काढायची आणि हलवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि कंटेनर म्हणजे तिच्यातल्या वस्तू एकत्र ठेवायचा गट. समजा नागपूर मेट्रोचा हलता नकाशा बनवायचाय, तर ऑरेंज आणि ॲक्वा लाईनचे वेगळे कंटेनर करा, ट्रेन त्या लाईनच्या आत आणि तिन्ही डबे ट्रेनच्या आत टाका, म्हणजे ट्रेनचा एक्स (आडवी जागा) बदलला की डबे आपोआप सोबत सरकतात. डब्याचा एक्स-वाय ट्रेनपासून मोजतात, स्क्रीनपासून नाही, इथंच बऱ्याच जणांचं गाडं अडतं बघा! सीताबर्डी स्टेशन दोन्ही लाईनवर येतं पण एका ऑब्जेक्टचा पॅरेंट (तो ज्याच्या आत आहे तो कंटेनर) एकच, दुसरीकडे ॲडचाइल्ड केलं, म्हणजे दुसऱ्या कंटेनरच्या आत टाकलं, की पहिल्यातून निघून जातो, म्हणून स्टेशनांचा कंटेनर वेगळाच ठेवा आणि लाईनींच्या नंतर ॲड करा, नाहीतर ठिपके रेषेखाली झाकले जातील. रिमूव्हचाइल्डने वस्तू कंटेनरमधून निघून फक्त दिसेनाशी होते, कायमची काढायची तर डिस्ट्रॉय करा, त्यात चिल्ड्रेन ट्रू द्यायचं, म्हणजे आतल्या वस्तूही जातात.