अल्कोबासा आणि बताल्या: दोन मठ, एक दिवस

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला हे मठ एकमेकांपासून सुमारे २० किलोमीटरवर आहेत. सकाळी आधी अल्कोबासा गाठा. चर्चला तिकीट नाही, आतल्या मठाला आहे. ते काढाच, नाहीतर पांढऱ्या टाइल्सचं अजस्र धुराडं असलेलं स्वयंपाकघर राहून जातं. चर्चमध्ये पोर्तुगालचा पेद्रू राजा आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या कबरी पायांकडे पाय करून आहेत. इनेशची कबर पेलणाऱ्या आकृत्या वाकून बघा: धड पशूचं, तोंड माणसाचं.

बताल्या हे पोर्तुगालने १३८५मध्ये कॅस्टिलवर (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) मिळवलेल्या विजयाचं स्मारक. इथली अपूर्ण चॅपेल (छोटी प्रार्थनागृहं) अनेकांची चुकतात, कारण त्यांचं दार चर्चच्या आतून नाही, मागच्या बाजूला आहे. वर छप्पर नाही, पावसाळी हवेत छत्री हवीच. रविवारी सकाळी मिस्साच्या (सामूहिक प्रार्थनेच्या) वेळी चर्चमध्ये हिंडू नका. तेवढ्यात मठ बघा.