हिरवा पडलेला तलाव: या चुका टाळा

मे महिन्यात मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) पाणी गुडघाभर उरलं, की वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे हिरव्या ऑइलपेंटसारखा शेवाळाचा थर साचतो. मग शेवाळ मारायला कोणीतरी मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पिशवी घेऊन येतंच.

हिशेब कोणी करत नाही. एक एकराच्या बोडीत (लहान तलावात) मीटरभर पाणी म्हणजे साधारण ४० लाख लिटर. त्यात पाच किलो मोरचूद म्हणजे लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम. पाणी फूटभर उरलं, की तेच पाच किलो तिपटीहून जहाल. थर फुटतो, पाण्याचा रंग उतरतो, पाळीवर (तलावाच्या बांधावर) सगळे खूश. मग मेलेलं शेवाळ कुजायला लागतं आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. पहाटे तो तसाही सर्वांत कमी असतो. उजाडताना रोहू-कतला तोंड वर काढून धापा टाकतात, दुपारी उताणे तरंगतात. त्याहून वाईट म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींतलं विष पेशी फुटल्या की पाण्यात उतरतं. पाणी दिसतं साफ, आणि ढोरं तेच पितात. शेवाळ पोसणारं स्फुरद (फॉस्फरस) मात्र गाळात जसंच्या तसं. मोरचुदातलं तांबंही तिथेच जाऊन बसतं.

थर दाट असताना औषध नकोच. शेण, युरिया, सुपर फॉस्फेट आणि मासोळीचं खाद्य त्याच दिवशी बंद करा. मध्यरात्रीपासून ऊन येईपर्यंत पाण्याचं इंजिन चालवा, पाइपाचं तोंड वर धरून पाणी उडवत; फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं पाइपाचं टोक, थरापासून लांब ठेवा. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

पाणी उकळलं म्हणजे झालं, हा समज सोडा. उकळून हे विष जात नाही. पिण्यासाठी दुसरं पाणी आणा.

गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडून उपयोग नाही; तो वनस्पती खातो, हा तवंग नाही.

ढोरांना थर साचलेल्या काठावर नेऊ नका.

हिरवं दिसलं की लगेच ‘विषारी’ म्हणून ओरडू नका. हातमोजे घालून थर बाजूला सारा, खालचं पाणी पारदर्शक बाटलीत पाऊणभर घ्या आणि न हलवता रात्रभर सावलीत ठेवा. हिरवं वर तरंगलं तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय बळावतो, तळाशी बसलं तर बहुधा साधं. विष आहे की नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. तोवर पाणी वापरायचं नाही.

उन्हाळ्यात काढलेला गाळ पाळीवर टाकाल तर पहिल्याच पावसात तो परत तलावात. शेतात पसरवा, बांधाच्या आत.