बॉल पायथनच्या बारीकसारीक जखमा: आधीची तयारी आणि नंतरची

बॉल पायथन म्हणजे घरी पाळतात तो बिनविषारी आफ्रिकी अजगर. त्याच्या पेटीत पाण्याचं जड भांडं, दोन हाइड (लपायच्या जागा), वर घट्ट बसणारं झाकण. हे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

चिकटपट्टी. पेटीच्या आत ती कुठेही नको. सेलोटेप नको, वायरिंगची काळी टेप नको, मेडिकलमधली कागदी पट्टीसुद्धा नको. मागच्या वेळी थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) आतून चिकटपट्टीने लावला होता, त्यातून ही यादी निघाली, त्याबद्दल एवढंच. उबेने गोंद मऊ पडतो, पट्टीची एक कड सुटते, साप तिच्याखाली नाक घालतो आणि पुढे सरकत राहतो. पट्टी अंगाला बसते. मग आपण घाबरून ओढतो आणि पट्टीबरोबर खवले येतात. डोळे निळसर झालेले असतील, म्हणजे कात टाकायचे दिवस असतील, तर खालची नवी कातडीही सोलवटते.

मग प्रोब लावायचा कसा? हीट मॅट पेटीच्या तळाखाली, बाहेरून असेल तर प्रोबही बाहेरच, मॅट आणि तळ यांच्या मध्ये. तिथे हवी तेवढी चिकटपट्टी लावा. आतच लावायचा असेल तर अ‍ॅक्वेरियमचं सिलिकोन वापरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान 48 तास, साप आत सोडू नका. प्रोब बाहेर असला की थर्मोस्टॅटवरचा आकडा आतल्या जमिनीचा नसतो. इन्फ्रारेड गनने आतली जमीन मोजा आणि ती 31-32 अंशांवर येईपर्यंत सेटिंग वरखाली करा. गार बाजू 25-27. प्रोब जागेवरून सरकला किंवा त्यावर पाणी सांडलं की त्याला थंडी कळते, तो मॅट चालूच ठेवतो आणि मॅट 40 च्या वर सहज जाते. साप उठून बाजूला जाईल यावर भिस्त ठेवू नका. पोट भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायचीच नाही. वर उबेसाठी सिरॅमिक बल्ब असेल तर त्याला जाळी हवी, कारण साप त्यालाही वेटोळं घालतो. वीज गेली म्हणून गरम पाण्याची बाटली ठेवणार असाल तर ती टॉवेलात गुंडाळून पेटीबाहेर टेकवा.

खाणं. जिवंत उंदीर आत टाकून झोपायला जाणं हा निव्वळ आळस आहे. साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो आणि चावा कणा दिसेपर्यंत खोल जाऊ शकतो. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढा, मग पिशवीत घालून साधारण 40 अंशांच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा आणि पुसून द्या. ओल्याला भुसा चिकटतो आणि तो तोंडात जातो. मायक्रोवेव्ह नको, आत कुठेतरी चटका देणारा भाग राहतो. चिमटा 30 सेंटिमीटरचा, टोकाला रबर असलेला. उघड्या स्टीलवर झडप पडली तर दात आणि हिरड्या जातात.

नाक घासणं: बहुतेक वेळा कारण जाळीचं झाकण, उघडी काच किंवा लपायला कमी जागा. समोरच्या काचेवर कागद लावा. बाहेरून. बाहेरून लिहिलंय, कारण पट्टी आतून लावायचा मोह इथेच होतो.

आर्द्रता 55 ते 65 टक्के. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती आपोआप वर जाते. बिछाना ओला राहिला की पोटाचे खवले तांबूस-तपकिरी होतात, मग फोड येतात. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात नेमकं उलटं: कात तुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला कडं राहतं आणि आवळून टोक काळं पडतं. ओलं मॉस भरलेला डबा ठेवा. अडकलेली कात 28-30 अंशांच्या उथळ पाण्यात अर्धा तास भिजवून ओल्या फडक्याने सोडवा. डोळ्यावर अडकलेली कातीची टोपी चिमट्याने काढायला जाऊ नका, डोळा जाईल.

औषधाचा डबा. सलाइनच्या 100 मिलीच्या दोन बाटल्या. उघडलेली दुसऱ्या दिवशी फेकायची. सुई नसलेल्या 20 मिलीच्या दोन सिरिंज. बीटाडीनचं द्रावण: 5 टक्केवालं असेल तर 1 मिलीला 9 मिली सलाइन, 10 टक्केवालं असेल तर 1 ला 19. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा हवा. बाटलीवरचा टक्का वाचा, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. निर्जंतुक गॉज, कानकाड्या, हातमोजे, भाजल्यासाठी 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं क्रीम. छपाई नसलेल्या किचन पेपरचा एक रोल. आणि गोडेतेलाची छोटी बाटली, चिकटपट्टीसाठी, कारण इतकं वाचूनही कोणीतरी लावणारच. डबा बंद करण्याआधी काय नको तेही बघा: डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन असलेलं बधिर करणारं मलम, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. हळद स्वयंपाकघरातच राहू द्या.

पट्टी चिकटलीच तर ओढू नका. सुटी टोकं कात्रीने कापून वजन कमी करा. कानकाडीने पट्टीच्या कडेखाली तेल लावा, 10-15 मिनिटं थांबा, पुन्हा लावा. मग पट्टी स्वतःवरच दुमडत डोक्याकडून शेपटीकडे काढा. खवल्यांची मोकळी टोकं शेपटीकडे असतात; उलट्या दिशेने ओढलं की ती उभी राहून उपटतात. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काही नको. डोळ्यावर, नाकपुडीवर किंवा तोंडावर असेल तर हात न लावता डॉक्टरकडे.

साधं खरचटणं असेल तर सिरिंजने सलाइनची धार, बीटाडीनचं पातळ द्रावण पाच मिनिटं, पुन्हा सलाइन, गॉजने टिपणं. चोळायचं नाही. भाजलं असेल तर क्रीमचा पातळ थर. हे दिवसातून एकदा. ड्रेसिंग लागेल अशी जखम असेल तर ते डॉक्टरांनाच करू द्या, कारण घरी बांधलेलं शेवटी चिकटपट्टीवरच येतं. भुसा आणि नारळाचा बिछाना काढून किचन पेपर घाला, रोज बदला. पाण्याचं भांडं पिण्यापुरतं ठेवा, डुंबण्याइतकं मोठं नको. उबदार बाजू 32 वर ठेवा, गारठ्यात जखम भरत नाही. आठवडाभर हाताळणं बंद, खाणं बंद. खपली महिनोन्‌महिने दिसते, दोन-तीन काती गेल्यावर फिकी पडते.

थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं अशी लक्षणं: पाच-दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, फोड, मांस दिसणं, तोंडातली जखम, उघड्या तोंडाने श्वास, कडक गाठ. सापाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो; तो पिळून निघत नाही, शस्त्रक्रियाच लागते. भाजल्याची खरी खोली काही दिवसांनी कळते, म्हणून पहिल्या दिवशी बरं दिसलं तरी फोटो काढून ठेवा.

सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, प्रत्येक दवाखान्यात नसतो. परदेशी प्राणी पाळण्याची सरकारी नोंदणी परिवेश पोर्टलवर होते, तिचा कागद डब्यातच असू द्या. देशी साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. अंगणात जखमी धामण दिसली तर यातलं काहीही करू नका, महाराष्ट्रात वनविभागाला 1926 वर फोन करा.

न्यायचं कसं: उशीचा सुती अभ्रा, उलटा करून, कारण आतले सुटे धागे अंगाला आवळतात. तोंडाला गाठ, मग भोकं पाडलेल्या डब्यात. गाठच. चिकटपट्टी नाही.