बाळंतपणाच्या वॉर्डात नवजात बाळांना जुलाब लागले तर

आधी हे जुलाबच आहेत ना, ते बघा. पहिले दोन-तीन दिवस शी काळी-चिकट असते, मग हिरवट होते. पुढे अंगावर पिणारं बाळ दिवसाला आठ-दहा वेळाही पिवळी, कणीदार, पातळ शी करतं. बाळ ओढून पितंय, लघवी होतेय, तर औषध नको. शी एकाएकी पाण्यासारखी झाली किंवा रक्त दिसलं, तर मात्र जुलाब.

अशा बाळाला लगेच आईसकट वेगळ्या खोलीत हलवा. पाठोपाठ दुसरं सापडलं की साथ धरून चाला, लॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका. आजारी बाळं एकीकडे, त्यांच्या वॉर्डातली पण बरी दिसणारी दुसरीकडे, नव्याने जन्मणारी तिसरीकडे. सिस्टर आणि मावशीही वेगवेगळ्या. नेहमीची चूक म्हणजे खाट रिकामी नाही म्हणून संपर्कातलं बाळ स्वच्छ वॉर्डात नेणं. 1945 मध्ये लंडनमध्ये जॉन ब्रे यांनी अर्भकांच्या जुलाबांशी ज्या ई. कोलायचा संबंध दाखवला, तसले जंतू ठणठणीत दिसणाऱ्या बाळाच्या शीतही असू शकतात.

पाळण्यातलं बाळ शेजारच्याला शिवायला जात नाही. जंतू नेतात आपले हात, वजनकाट्याचं ताट, थर्मामीटर, अंघोळीचं टब आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाटी. अंगठी-बांगड्या काढून साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा. सगळ्यांचा मिळून एक टॉवेल नको. वस्तू आधी साबणपाण्याने धुवा, मग 0.5 टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) 10 मिनिटं. बाटलीवर 5 टक्के असेल तर एक भाग औषध, नऊ भाग पाणी, रोज ताजं. न धुता ओतलंत तर क्लोरीन घाणीवरच खर्च होतं.

अंगावरचं दूध थांबवू नका. घुट्टी, मध, ग्राइप वॉटर, दुधाची बाटली मात्र बंद. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा. वाटी-चमचा दर वेळी धुऊन 10 मिनिटं उकळा. जुलाब थांबवणारं औषध नवजाताला कधीच नाही. ओआरएस किंवा सलाइन किती, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

बाळ ओढेनासं झालं, सुस्त पडलं, काखेतलं तापमान 37.5 अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा 35.5 च्या खाली गेलं, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, डोळे खोल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू बसते – यातलं एकही दिसलं तर ताबडतोब एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या खास कक्षात).

आठवडाभरात घरी गेलेल्या बाळंतिणींना फोन करायचा राहून जातो. रजिस्टर काढून तोही करा; काही बाळांना जुलाब घरी गेल्यावर लागतात.