हायबरनेशनच्या कामाला लागताय? आधी ‘थॉ’ नीट समजून घ्या

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या, सर्किट बोर्ड बनवणाऱ्या छोट्या कंपनीत नवीन लागलात, तर कधी ना कधी पॉवर मॅनेजमेंट तुमच्या गळ्यात पडणार. जुन्या माणसांना ते नको असतं, म्हणून. लिनक्स येतं, स्वतः एखादं मॉड्यूल लिहून लोड केलंय, एवढं मी धरून चालतो.

हायबरनेशन म्हणजे ‘रॅम डिस्कवर लिहायची आणि मशिन बंद करायचं’, एवढंच, हे आधी डोक्यातून काढा. लिहिणं सोपं आहे. खरं काम आहे ते पुन्हा उठायचं कसं याचं.

/सिस/पॉवर/स्टेट मध्ये ‘डिस्क’ लिहिलं की कर्नल पहिल्यांदा नोटिफायरमार्फत ड्रायव्हर वगैरेंना दवंडी पिटतो, ‘आता झोपायचंय’. मग फाइल सिस्टिम सिंक होते, म्हणजे पुढे उठणं फसलं तरी डिस्कवरचा डेटा शाबूत राहावा. त्यानंतर युजरस्पेसच्या प्रोसेस गोठवल्या जातात. त्यासाठीची मुदत साधारणपणे 20 सेकंद असते. एखादी प्रोसेस नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत डी स्टेटमध्ये (कोणी हलवूच शकत नाही अशा प्रतीक्षेत) बसली असेल तर अख्खा बेत रद्द. मग इमेजसाठी, म्हणजे मेमरीच्या प्रतीसाठी, जागा. प्रत रॅममध्येच काढायची असल्यामुळे इमेज रॅमच्या निम्म्याहून मोठी होऊ शकत नाही, आणि कर्नल मुळात रॅमच्या 2/5 एवढं लक्ष्य धरून चालतो. ही जागा डिव्हाइस गोठवायच्या आधीच करावी लागते, कारण पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, हाकलायची तर डिस्क जिवंत हवी. तुमच्या ड्रायव्हरला उठताना फर्मवेअरची फाइल लागत असेल, तर तीही दवंडीच्या वेळीच मेमरीत आणून ठेवा. नंतर मागाल तर द्यायला कोणी जागं नसतं. क्रम पाठ करू नका. प्रत्येक पायरीला ‘हीच आधी का?’ असं विचारा. मुलाखतीतही हाच प्रश्न येतो.

शेवटी डिव्हाइस गोठतात, एक सोडून बाकीचे सीपीयू बंद होतात, इंटरप्ट बंद होतात आणि मेमरीची प्रत निघते.

आता चकवा. मला याने इतकं घुमवलंय की मी जरा जास्तच बोलणार.

प्रत निघाली, पण ती लिहायची कशी? डिस्क तर आत्ताच गोठवली! म्हणून कर्नल डिव्हाइसना परत जागं करतो. हा ‘थॉ’, म्हणजे गोठलेलं वितळवणं. इमेज स्वॅपमध्ये लिहिली जाते, मग ‘पॉवरऑफ’ कॉलबॅक आणि मशिन बंद. पुढे बटण दाबलं की एक नवा कर्नल बूट होतो, इमेज वाचतो, आपली डिव्हाइस गोठवतो आणि जुन्या मेमरीत उडी मारतो. तिथे ‘रिस्टोर’ चालतो.

म्हणजे प्रत काढणारं फंक्शन एकदा बोलावलं जातं आणि दोनदा परत येतं. एकदा झोपताना, एकदा उठल्यावर. आणि उठलेल्या मेमरीच्या दृष्टीने ‘थॉ’ कधी घडलेलाच नसतो, कारण तो प्रत निघाल्यानंतर झाला. मेमरी मागे गेली. हार्डवेअर मात्र पुढेच राहिलं.

आमच्या बोर्डवर एक कंट्रोलर होता, स्वतःच्या फ्लॅशमध्ये शेवटच्या संदेशाचा क्रमांक जपणारा. ड्रायव्हरमध्ये सस्पेंड आणि रिझ्यूम अशी दोनच फंक्शन्स, आणि ती एका तयार मॅक्रोने सगळीकडे जोडलेली. तो मॅक्रो रिझ्यूमचंच फंक्शन थॉ आणि रिस्टोर दोन्हींना लावतो. समजा, झोपताना मेमरीत क्रमांक 41 आहे. थॉमध्ये ड्रायव्हर कंट्रोलरला नमस्कार करतो, दोन्हीकडे 42 होतात, आणि मशिन बंद. उठल्यावर मेमरीत पुन्हा 41. ड्रायव्हर परत 42 पाठवतो, कंट्रोलर म्हणतो, ‘हा तर मिळालाय’, आणि मुकाट टाकून देतो. लॉगमध्ये एकही एरर नाही. फक्त मशिन बोलत नाही.

यात आणखी गोम म्हणजे पीएम-टेस्टमध्ये (कर्नलच्याच झोपण्या-उठण्याच्या चाचणीत) सगळं हिरवं दिसतं. तिथे डिव्हाइस गोठतात, 5 सेकंद थांबून उठतात, पण मेमरी मागे जातच नाही. बग पकडायचा तर /सिस/पॉवर/डिस्क मध्ये ‘टेस्ट रिझ्यूम’ हा मोड लावा. त्यात इमेज लिहून मशिन बंद न करता लगेच परत वाचली जाते, त्यामुळे मेमरी खरोखर मागे जाते.

उपाय छोटा आहे. थॉ वेगळा लिहा आणि त्यात इमेज लिहायला लागेल तेवढंच जागं करा. रिस्टोरमध्ये मेमरीवर विश्वास ठेवू नका. हार्डवेअरला विचारा, ‘तू कुठे आहेस?’ मधल्या, इमेज वाचणाऱ्या कर्नलनेही त्याला हात लावलेला असू शकतो.

हाच नियम डिस्कला. रूट फाइल सिस्टिम रिझ्यूमच्या आधी माउंट करायची नाही, ‘फक्त वाचायला’ म्हणूनसुद्धा नाही. ईएक्सटी4 तसं माउंट केलं तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) लावून घेते, म्हणजे लिहितेच. विंडोज 8 पासूनच्या फास्ट स्टार्टअपमध्येही विंडोजचा कर्नल हायबरनेटच होतो, म्हणून ड्युअल बूटवाल्यांनी तो आधी बंद करावा.

ठाणे स्टेशनच्या आसपास ‘तीस दिवसांत कर्नल’ छाप क्लासचे फलक दिसतील. पैसे वाचवा. सीनियर निवडायची संधी मिळाली, तर उत्तर फेकणारा नको, ‘लॉग दाखव’ म्हणणारा धरा. त्याचा राग येईल, पण तोच कामाचा. आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचा पॅच जसाच्या तसा चिकटवणाऱ्याजवळ तर बसूच नका.

एवढं वाचून धसका घेऊ नका. हायबरनेटची मूळ फाइल, कर्नल/पॉवर/हायबरनेट.सी, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्यासुद्धा वाचता येते, इतकी सरळ लिहिलेली आहे. पहिले प्रयोग क्यूईएमयूवर, म्हणजे आभासी मशिनवर करा, घरच्या लॅपटॉपवर अजिबात नको. लॅपटॉपवर ‘डिस्क’ लिहिताच परवानगी नाकारली गेली, तर तुमचं काही चुकलेलं नाही: सिक्युअर बूट चालू असताना बरीच डिस्ट्रिब्युशन्स कर्नल लॉकडाउनमध्ये (त्याला कोणी बदलू नये म्हणून घातलेल्या कुलपात) ठेवतात आणि हायबरनेशन मुद्दाम अडवतात.