झाकणाखालची साय आणि खोललेले हेड

जुन्या पेट्रोल गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडले आणि आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय दिसली, की नव्या मेकॅनिकचा हात लगेच पान्ह्याकडे जातो. माझाही गेला होता. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक व्हेइकलचा ट्रेड पूर्ण करून नुकत्याच गॅरेजात उभ्या राहिलेल्या मुलांसाठी हे लिहीत आहे. ऑइल बदलणे, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवणे, गिअर बॉक्स खाली घेणे ही कामे तुम्हाला येतात असे मी धरून चालतो. ती कधी करू नयेत हे मला फार उशिरा कळले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तेव्हा एका गॅरेजात शिकत होतो. जुलैच्या भर पावसात एक निवृत्त शिक्षक आपली तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी घेऊन आले. घर ते मंडई आणि मंडई ते घर, जेमतेम दोन किलोमीटर, एवढाच तिचा रोजचा प्रवास होता. त्यांच्या तक्रारी दोन होत्या: झाकणाखाली साय जमते आणि गिअर घट्ट पडतात, रिव्हर्स टाकताना तर कर्र असा आवाज येतो. आमच्या मिस्त्रींनी झाकणातून बोट फिरवले, ते मला दाखवले आणि म्हणाले, "गॅस्केट गेलंय. हेड खोल." हेडखालची ही पातळ चकती फुटली, की इंजिन थंड ठेवणारे पाणी ऑइलमध्ये उतरू शकते. सर बाजूला उभे राहून कौतुकाने सांगत होते की गाडी जुनी असली तरी तापत मात्र अजिबात नाही, काटा कधी खालच्या रेघेच्या वर गेलेला त्यांनी पाहिलेला नाही. सायीचे मूळ त्या एका वाक्यात होते आणि मी मान डोलावून पुढचा बोल्ट सैल केला.

हेड उतरले, लेथवर जाऊन फेसिंग मारून, म्हणजे तळ सपाट करून, आले, नवे गॅस्केट बसले, ऑइल आणि फिल्टर बदलले. वीस दिवसांनी सर परत आले, तर झाकणाखाली तशीच साय.

या सापळ्याविषयी मी जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. साय एवढेच सांगते की ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. ते कुठून आले हे ती सांगत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापून अर्धा-पाऊण तास सलग चालले, तर ती वाफ ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. दोन किलोमीटरवर बंद होणाऱ्या इंजिनात मात्र ती सर्वांत थंड जागी, म्हणजे टॅपेट कव्हरच्या आतून आणि झाकणाखाली, गोठलेल्या तुपासारखी चिकटून बसते. ब्रीदरची नळी चोंदलेली असेल, तर प्रकरण आणखी लवकर चिघळते.

त्यात सरांच्या गाडीला थर्मोस्टॅट वॉल्वच नव्हता. पूर्वी कोणीतरी "गाडी थंड राहील" म्हणून तो काढून टाकला होता आणि रिकामे हाउसिंग परत बसवले होते. हा आपल्याकडचा जुना शॉर्टकट आहे आणि माझ्या मते रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवण्याइतकाच तो वाईट आहे. साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडणारा तो वॉल्व नसला, की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते आणि पावसाळ्यात इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवायचा. वॉल्व ठीक असेल तर होज काही मिनिटे थंड राहते आणि मग एकाएकी गरम होते. वॉल्व नसेल किंवा उघडाच अडकला असेल तर ती पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाते. त्या दिवशी मी हे केले असते, तर सरांच्या पेन्शनमधले साडेसहा हजार रुपये वाचले असते.

मग गॅस्केट खरोखर गेले आहे हे कसे समजायचे? सकाळी थंड इंजिनचा ऑइल चेंबरचा नट अगदी हळू सैल करा. पाणी तळाशी बसलेले असते, त्यामुळे ते बरेच असेल तर आधी पाण्याचेच थेंब पडतात. ऑइल मोजायच्या गेज पट्टीवरचे ऑइलही झाकणाइतकेच दुधाळ आहे का, रेडिएटरमधले पाणी बाहेर कुठेही न गळता कमी होते का, हे पाहा. गेजवरच्या ऑइलचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. पाणी असेल तर तो तडतडतो. नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही उतरलेले असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यायला जागा आहे. रंगावर मात्र विसंबू नका, कारण आपल्याकडे जुन्या गाडीत कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेले असते आणि ऑइलमध्ये हिरवट झाक शोधणारा हमखास फसतो.

ऑइलची पातळी वाढली आहे पण ते दुधाळ नाही, उलट पातळ होऊन पेट्रोलचा वास मारते आहे, असेही दिसेल. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इंजिनवर बसवलेल्या फ्युएल पंपाचा पडदा फाटला, की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरते. अशी गाडी "एक फेरी मारून बघतो" म्हणून चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगे टिकत नाहीत आणि वास मारणारे ऑइल पेटायला वेळ लागत नाही.

आता गिअरकडे येतो. मी आधी दुचाकीच्या गॅरेजात होतो. मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे ऑइल बिघडले म्हणूनच गिअर घट्ट पडतात असे मी मिस्त्रींनाही ठासून सांगितले होते. कारच्या मॅन्युअल गिअर बॉक्सचे ऑइल वेगळे असते, हे पुस्तकात शिकूनही हाताला आठवले नव्हते. जुन्या गाडीत दोन दुखणी एकत्र आली, तरी त्यांचे कारण एकच असते असे नाही.

गिअर बॉक्स उतरवण्याआधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवर ते लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. क्लच दाबून चार सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स करकरत असेल, तर संशय आणखी पक्का होतो, कारण जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी रचना) नसतो. फक्त दुसराच गिअर करकरत असेल तर सिंक्रो रिंग पाहावी. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग आणि दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग तपासावे. सरांच्या गाडीची क्लच वायर ताणली होती आणि पेडल जवळजवळ दोन इंच नुसतेच खाली जात होते. ॲडजस्टिंग नट फिरवायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि त्या दहा मिनिटांची लाज साडेसहा हजारांपेक्षा जास्त वाटली.

गिअर ऑइल दुधाळ निघाले तर मालकाला पुराविषयी विचारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या भागात अशा गाड्या पुष्कळ आल्या. पाणी गिअर बॉक्सच्या ब्रीदरमधून आत गेलेले असते. ड्रेन नटच्या चुंबकावरची बारीक करडी पेस्ट पाहून घाबरू नका, ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स उघडावाच लागतो. ऑइल भरताना कंपनीने जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितले असेल तर जीएल-४ च भरा, दुकानदार जीएल-५ "वरच्या दर्जाचे" म्हणून देत असला तरी, कारण पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवेलच असे नाही.

मिस्त्रींवर माझा राग नाही. नुसत्या कानाने टॅपेटचा आवाज ओळखणारा तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण ते काही लिहून ठेवत नसत आणि त्यांच्या बोटावरची साय प्रत्येक गाडीत एकच अर्थ सांगत असे. तुम्ही उस्तादाचे ऐका, पण हेड खोलण्याआधी होजला हात लावण्याची परवानगी मागा. ती नाकारणारा मिस्त्री क्वचितच भेटतो. मी मागितलीच नव्हती.

सरांच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट मी स्वतःच्या पैशांनी बसवला, ब्रीदरची नळी धुतली आणि आठवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत गाडी नेऊन आणा असे त्यांना सांगितले. चौथ्या दिवशी त्यांचा घाबऱ्या आवाजात फोन आला: "अरे, काटा पार मध्यावर आलाय. गाडी तापायला लागली. तो वॉल्व काढून टाकायचा का?"