स्टोरेज हीटर आणि रात्रीचा स्वस्त दर : या चुका टाळा

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे गेली की मला फोन यायला लागतात. "दादा, हीटर बिघडलाय. सगळं फुल केलं तरी गरमच होत नाही." जाऊन बघावं तर बहुतेक वेळा हीटर ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती वापरायची पद्धत. आणि चुका दर वर्षी त्याच. सप्टेंबरात शिकायला आलेली मुलं, नोकरीसाठी नुकतं आलेलं जोडपं, भाड्याचा फ्लॅट, घरात गॅसची लाइन नाही, आणि भिंतीला चिकटून उभे असलेले ते रुंद, जड डबे, म्हणजे स्टोरेज हीटर. ते कसे वापरायचे हे एजंट सांगत नाही, घरमालक सांगत नाही, आणि विचारायचं असतं हे नव्या माणसाला सुचत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. डब्यात भट्टीत भाजलेल्या जड विटा रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधून एलिमेंट, म्हणजे विजेवर तापणारी तार, गेलेलं असतं. रात्री विजेला मागणी कमी, म्हणून दर कमी. इकॉनॉमी 7 नावाचा हा दर 1978 पासून आहे आणि त्यातला 7 म्हणजे स्वस्तातले सात तास. त्या सात तासांत विटा तापतात आणि मग दिवसभर ती उष्णता हळूहळू खोलीत उतरते. उद्या मोड आलेल्या मटकीची उसळ हवी असेल तर मटकी आधीच भिजत घालावी लागते, तसंच हे. उद्याच्या संध्याकाळची ऊब आज रात्री साठवावी लागते. एवढं डोक्यात बसलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

चूक पहिली : इनपुट आणि आउटपुटचा घोळ

जुन्या हीटरवर दोन बटणं असतात. इनपुट म्हणजे आज रात्री किती साठवायचं. आउटपुट म्हणजे साठवलेलं किती वेगाने बाहेर सोडायचं. आउटपुट वाढवलं की आतली एक झडप उघडते आणि विटांमधून हवा खेळायला लागते. त्याने वीज जास्त ओढली जात नाही की विटा जास्त तापत नाहीत, साठा फक्त लवकर संपतो. नवा माणूस गारठून घरी येतो आणि दोन्ही बटणं शेवटच्या आकड्याला नेऊन ठेवतो. काहीच होत नाही, कारण साठाच नसतो.

लेस्टरमधल्या एका फ्लॅटमध्ये दोन मुलं राहायची. नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत त्यांनी हेच केलं. संध्याकाळी दोन्ही बटणं फुल केली, तासभर हीटरला हात लावून बसली आणि मग तशीच झोपली. रात्री विटा तापल्या. आउटपुटची झडप सताड उघडी, त्यामुळे पहाटेपासून उष्णता बाहेर पडायला लागली. सकाळी खोली इतकी तापली की त्यांनी खिडकी उघडली. मग दोघं कॉलेजला गेली. रिकाम्या खोलीत दिवसभर हीटर आपला साठा ओतत राहिला, तोही उघड्या खिडकीशेजारी. संध्याकाळी सहाला परत आली तर विटा कोमट आणि खोली गार. "हा हीटर फक्त सकाळीच चालतो," असा निष्कर्ष काढून त्यांनी दुकानातून दोन किलोवॅटचा पंख्याचा हीटर आणला आणि रोज सहा ते बारा तो लावायला लागली.

हिशेब बघा. सोयीसाठी दिवसाचा दर 30 पेन्स आणि रात्रीचा 15 धरू. तुमच्या बिलावर आकडे वेगळे असतील, पण फरकाचा अंदाज येईल. दोन किलोवॅट सहा तास म्हणजे 12 युनिट, म्हणजे रोजचे 3 पौंड 60 पेन्स, महिन्याला शंभराच्या वर. शिवाय रात्री विटांत भरलेली 18 युनिटं, 2 पौंड 70 पेन्सची, रोज खिडकीतून बाहेर. ऊब एका संध्याकाळची आणि पैसे दोनदा.

मी त्यांना जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. झोपताना आउटपुट सगळ्यात खाली. हीटरच्या अंगातून थोडी उष्णता तशीही झिरपते, सकाळपुरती ती पुरते. घराबाहेर पडताना पुन्हा खाली आहे ना ते बघा. संध्याकाळी आलात की मग वाढवा, निम्म्यावर पुरतं का ते आधी बघा. आणि झोपायच्या आधी परत खाली. इनपुटला मात्र रोज हात लावायचा नाही. मी रात्री जेवण झालं की उद्याचं हवामान बघतो. बर्फ किंवा कडाका असेल तर एक आकडा वर, ऊन पडणार असेल तर एक खाली. बदल केल्यावर दोन-तीन दिवस थांबायचं आणि मगच मत बनवायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. एका संध्याकाळीत तीनदा बटणं फिरवणाऱ्याला कुठला आकडा आपल्या खोलीला बरोबर आहे हे कधीच कळणार नाही.

एखाद्या संध्याकाळी साठा आधीच संपला तर पंख्याचा हीटर तासभर लावा, त्याला माझी हरकत नाही. पण तो रोज लागत असेल तर इनपुट कमी पडतंय किंवा आउटपुट दिवसा उघडं राहतंय. मूळ दुरुस्त करा.

चूक दुसरी : रात्री भिंतीवरचा स्विच बंद करणं

आपल्याकडे झोपताना स्विच बंद करायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. ती चांगली सवय आहे, पण इथे नाही. स्टोरेज हीटरच्या सर्किटला वीजच मुळी रात्री मिळते. रात्री बंद आणि सकाळी चालू केलात तर हीटरला कधीच काही मिळणार नाही. ऑक्टोबर ते एप्रिल तो स्विच चालूच ठेवा. उन्हाळ्यात बंद करा.

चूक तिसरी, आणि सगळ्यात महाग : मीटर न बघणं

माझं ठाम मत आहे की नव्या घरात गेल्यावर बटणांच्या आधी मीटर बघावं. हीटर कितीही शहाणपणाने वापरा, दर चुकीचा लागला असेल तर सगळं पाण्यात.

हॉलमधल्या मोठ्या हीटरचं एलिमेंट बहुधा 3.4 किलोवॅटचं असतं. सात तास पूर्ण भरला तर जवळपास 24 युनिटं. वरच्याच दराने ही रात्रीची 3 पौंड 57 पेन्स होतात, दिवसाच्या दराने 7 पौंड 14. एका हीटरचे, एका रात्रीचे. घरात तसे दोन-तीन असले की जानेवारीचं बिल काय येईल याचा अंदाज करा.

कॉव्हेंट्रीत आमच्या ओळखीचं एक जोडपं होतं, घरात तान्हं बाळ. बिल बघून दोघांची झोप उडाली होती. कंपनीला फोन केला की उत्तर एकच, "तुमचा वापर जास्त आहे." शेवटी बाळ असलेल्या घरात त्यांनी हीटरचं इनपुट कमी केलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी बिल मागवलं. बिलावर दिवसाची युनिटं ढिगाने आणि रात्रीची नावापुरती. ज्या घरात हिवाळ्यात रात्री सगळे हीटर भरले जातात तिथे हे कसं शक्य आहे? रात्रीचा आकडाच मोठा असायला हवा. मी म्हटलं, आज रात्री अकरा वाजता मीटरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, आणि उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा. सकाळी फोटो आले. बिलावर ज्या आकड्याला "दिवस" म्हटलं होतं तोच रात्रीत पुढे सरकला होता. "रात्र" जिथल्या तिथे. म्हणजे कंपनीच्या नोंदीत दोन्ही दर उलटे लागले होते. फोटो जोडून लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे बिल दुरुस्त होऊन पैसे वळते झाले.

म्हणून हे प्रत्येकाने करावं, पहिल्याच आठवड्यात. जुन्या मीटरवर 'लो' (रात्रीचा स्वस्त) आणि 'नॉर्मल' (दिवसाचा) लिहिलेलं असतं, नव्यावर एक आणि दोन असे नंबर. एक म्हणजे दिवस असं गृहीत धरू नका, ते मीटरगणिक बदलतं. रात्री फोटो, सकाळी फोटो. जो आकडा झपाट्याने वाढला तो रात्रीचा, आणि बिलावर त्यालाच स्वस्त दर लागलाय का ते बघा. उलटं असेल तर फोनवर भांडू नका, लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत मार्ग निघाला नाही तर एनर्जी ओंबड्समनकडे, म्हणजे वीज-गॅस ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं, फुकट.

बिलावर एकच दर दिसला तर मीटर दोन आकड्यांचं असूनही तुम्ही साध्या टॅरिफवर, म्हणजे दिवसरात्र एकाच दराच्या योजनेवर, आहात. आधीचा भाडेकरू कुठला तरी 'स्वस्त' प्लॅन घेऊन गेलेला असतो. लगेच बदलून घ्या. मात्र हेही लक्षात ठेवा की दोन दरांच्या टॅरिफमध्ये दिवसाची वीज साध्या टॅरिफपेक्षा महाग असते. ढोबळ नियम असा की एकूण वापरातला साधारण 40 टक्के तरी रात्रीचा असेल तर हे परवडतं. स्टोरेज हीटर वापरणाऱ्या घरात हिवाळ्यात तो सहज असतो. हीटर बंद ठेवून फॅन हीटरवर जगणाऱ्या घरात नसतो.

चूक चौथी : स्वस्त तास कुठले ते न विचारणं

"बारा ते सात" हे सगळीकडे खरं नाही. भागाप्रमाणे अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, आणि जुनी मीटरं उन्हाळ्यातही हिवाळ्याच्याच वेळेने चालतात, म्हणजे तेव्हा स्वस्त तास घड्याळात एक तास उशिरा येतात. कंपनीला विचारा आणि लिहून मीटरच्या कपाटाच्या दाराला चिकटवा. वॉशिंग मशीन या तासांत लावायचं ठीक, पण सगळे झोपलेले असताना ते चालू ठेवू नये असं इथलं अग्निशमन दल सांगतं. मी पहाटे उठल्यावर लावतो, सातच्या आत एक खेप निघते.

काही जुनी मीटरं रेडिओच्या इशाऱ्यावर दर बदलतात. हा इशारा बीबीसीच्या 198 किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हवरून येत असे. 30 जून 2025 पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. मीटरच्या शेजारी 'रेडिओ टेलिस्विच' लिहिलेला काळा डबा अजून असेल तर कंपनीकडे स्मार्ट मीटरची मागणी करा. नाहीतर हीटर रात्री चालूच होणार नाहीत, किंवा भलत्या वेळी चालू राहतील.

बाकीच्या, थोडक्यात

हीटरवर ओले टॉवेल, जॅकेटं, बाळाचे कपडे वाळत घालू नका. आग लागू शकते. नशिबाने ती नाही लागली तरी आतला सुरक्षा-स्विच पडतो आणि हीटर बंद होतो. दह्याचं भांडंही वर नको, ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, दही उत्तम लागतं.

'बूस्ट' बटण म्हणजे साठा नव्हे. ते दिवसाच्या महाग दराने चालणारं साधं हीटर आहे.

गरम पाण्याच्या टाकीला बहुधा दोन इमर्शन, म्हणजे पाण्यात बुडालेली एलिमेंटं, असतात. खालचं रात्री टाकी भरून तापवतं, ते चालू हवं. वरचं गरजेपुरतं, तेही वापरून लगेच बंद. ते महिनोन्‌महिने चालू राहिलेलं मी फार घरांत पाहिलंय. टाकीचा थर्मोस्टॅट 60 अंशांच्या खाली नेऊन पैसे वाचवू नका, पाण्यात जंतू वाढतात.

सगळेच हीटर सकाळी गार असतील तर मीटर, टायमर किंवा ऑफ-पीकच्या, म्हणजे स्वस्त तासांच्या, वेगळ्या फ्यूज बोर्डात दोष शोधा. एकच गार असेल तर त्याचा भिंतीवरचा स्विच, इनपुटचा आकडा आणि वर काही पडलंय का ते बघा. एकच हीटर नेहमी अर्धवट तापत असेल तर आतल्या एलिमेंटांपैकी एखादं गेलेलं असतं. घरमालकाला लेखी कळवा. यूट्यूब बघून झाकण उघडू नका. काही हीटरांना रात्रीचा आणि चोवीस तासांचा असे दोन वीजपुरवठे असतात, त्यामुळे एक स्विच बंद करून हीटर मृत होत नाही. आणि विटा तासन्‌तास भाजण्याइतक्या गरम राहतात. हे काम इलेक्ट्रिशियनचं.

2018 नंतर बसवलेल्या हीटरांत थर्मोस्टॅट आणि टायमर आतच असतात. त्यांत तुमच्या घरी असण्याच्या वेळा आणि हवं ते तापमान एकदा नीट भरा आणि आठवडाभर हात लावू नका. ते स्वतः शिकून रात्री किती साठवायचं ते ठरवतं. रोज बटणं दाबून त्याला गोंधळात टाकू नका.

घर सोडताना शेवटच्या दिवशी मीटरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो तारखेसकट काढून कंपनीला आणि एजंटला मेल करा. एकच आकडा कळवलात तर दुसरा कंपनी अंदाजाने टाकते, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने क्वचितच असतो.